महाधिवक्ता
महाधिवक्ता : राज्य शासनाचा प्रमुख विधिविषयक सल्लागार. भारतीय संविधानाच्या १६५ व्या अनुच्छेदानुसार राज्यपाल त्याची नियुक्ती करतो. उच्च न्यायालयाचा न्यायाधीश होण्यास पात्र असलेली व्यक्तीच या पदावर नेमता येते आणि राज्यपालाची मर्जी असेपर्यंत ती पदावर राहते. विधिमंडळाच्या कामकाजात त्यास भाग घेता येतो. मतदानाचा अधिकार मात्र नसतो. केंद्र शासनाच्या अशाच सल्लागारास महान्यायवादी म्हणतात (अनुच्छेद ७६). शासनाने विचारल्यावर सल्ला देणे व न्यायालयात शासनाची बाजू मांडणे ही त्याची प्रमुख कामे होत. या दोहोंत जे अंतर पडते, त्यातच या पदाचे मर्म आहे.

ही संस्था मूळची इंग्लंडमधील. राजाचा वकील म्हणून तेथे रूढ झालेले पद ईस्ट इंडिया कंपनीबरोबर इलाख्याच्या शहरांत आले. मुंबईत १७९८ मध्ये रेकॉर्डरचे न्यायालय व १८२४ मध्ये सर्वोच्च न्यायालय स्थापन झाले. त्याचा अंमल मुख्यतः मुंबई बेटापुरता असे. खाडीपलीकडील पेण येथील रयतेचे दावे कंपनीच्या मुफसल न्यायालयांत चालत. १८६२ मध्ये उच्च न्यायालय स्थापन होऊन ही दोन्ही अंगे एकत्र आली. १९३५ च्या कायद्याने महाधिवक्त्यास प्रांतिक शासनाचा सल्लागार म्हणून निश्चित स्थान दिले. मुंबई प्रांतात १९३७ ते १९४२ या काळात मोतीलाल चिमणलाल सेटलवाड यांनी हे पद भूषविले. १९५० मध्ये तेच भारताचे पहिले महान्यायवादी झाले.

सेटलवाडांची कसोटी १९५८ मध्ये लागली. १९५२ च्या निवडणुकीत कुलाबा मतदारसंघातून निवडून आलेले चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना, १९५६ मध्ये आयुर्विम्याचे राष्ट्रीयीकरण झाले. देशमुखांचे बालपण रोह्यास गेले होते. मुंबईच्या प्रश्नावर त्यांनी त्याच वर्षी राजीनामा दिला. पुढे १९५७ मध्ये आयुर्विमा महामंडळाने हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांचे सव्वा कोटी रुपयांवर किंमतीचे भाग खरेदी केले. त्यावरून लोकसभेत गदारोळ उठला, तेव्हा मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश म. क. छागला यांचा एकसदस्य आयोग नेमण्यात आला. आयोगास साहाय्य करण्याचे काम महान्यायवादी या नात्याने सेटलवाडांकडे आले. शासनाचाच सल्लागार शासनातील मंत्र्याच्या व सचिवांच्या वर्तनाची उघड छाननी करीत आहे, हे दृश्य मुंबईच्या नागरिकांनी पाहिले. सचिवाच्या कृत्याची जबाबदारी मंत्र्यास टाळता येत नाही, असा छागलांचा निष्कर्ष होता. अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांनी फेब्रुवारी १९५८ मध्ये राजीनामा दिला.

महाराष्ट्रात १९५७ ते १९७४ अशी सतरा वर्षे हे पद सांभाळणारे होरमसजी मानेकजी सीरवाई हे भारतीय संविधानाचे थोर भाष्यकार. नानावटी प्रकरणात राज्यपालांनी ११ मार्च १९६० रोजी शिक्षा स्थगित केली. त्या आदेशाचे समर्थन करण्याचे काम त्यांच्याकडे आले. उच्च न्यायालयाने आदेश वैध मानला. परंतु प्रकरण सर्वोच्च न्यायालयासमोर असताना राज्यपालास असा अधिकार वापरता येत नाही, असे त्या न्यायालयाने ५ सप्टेंबर १९६० रोजी बहुमताने ठरविले. शासनाच्या आदेशाचा बचाव करणे आणि तो योग्य होता असे मानणे या भिन्न गोष्टी आहेत, हे अशा प्रसंगी ध्यानात ठेवावे लागते.

हे अंतर कोठवर ताणता येते, हे आणीबाणीत दिसले. सर्वोच्च न्यायालयात न्यायमूर्ती ह. रा. खन्ना यांनी विचारले, की एखाद्या पोलिसाने द्वेषापोटी नागरिकास ठार केले, तर उपाय आहे काय ? महान्यायवादी निरेन डे यांनी आपल्या युक्तिवादाशी सुसंगत असे उत्तर दिले : आणीबाणी असेपर्यंत नाही. २८ एप्रिल १९७६ च्या बहुमताने शासनाची बाजू मान्य झाली व नागपूर खंडपीठासह अनेक उच्च न्यायालयांचे विरुद्ध निर्णय रद्द ठरले. सीरवाईंनी या निकालावर आपल्या ग्रंथात कठोर टीका केली. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मोडीत काढला.

‘मर्जी’ या शब्दाचा अर्थ श्रीहरी अणे यांच्या बाबतीत प्रकट झाला. विदर्भाच्या व मराठवाड्याच्या वेगळेपणाबद्दल जाहीर मत मांडल्यावर विधिमंडळात गोंधळ झाला व मार्च २०१६ मध्ये त्यांनी पद सोडले.

हे पद सामान्यांपासून दूर भासते, तरी त्याचा परिणाम पेणच्या कारखान्यांपर्यंत पोहोचतो. पेण व हमरापूर परिसरात गणेशमूर्ती बनविण्याचा मोठा व्यवसाय आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्तींवर निर्बंध घातले आणि ३० जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने त्यांच्या काटेकोर अंमलबजावणीचा आदेश दिला. मूर्तिकारांची उपजीविका, परंपरा व जलप्रदूषण यांचा मेळ घालणारे धोरण न्यायालयापुढे ठेवण्याचे काम महाधिवक्ता बिरेंद्र सराफ यांनी केले. ९ जून २०२५ रोजी मूर्ती बनविण्यास मुभा मिळाली. नैसर्गिक जलाशयात त्या विसर्जित करण्यास न्यायालयाची अनुमती आवश्यक ठरली. जुलैमध्ये सहा फुटांपर्यंतच्या मूर्तींचे विसर्जन कृत्रिम तलावांतच व्हावे असा आदेश झाला. तो मार्च २०२६ पर्यंतच्या सणांसाठी होता.