पाळी दोन-दोन महिने येत नाही? पीसीओएस म्हणजे काय आणि घरच्या घरी काय बदलता येतं

जत : पाळी दोन-दोन महिने लांबते, हनुवटीवर जाड केस येतात, तोंडभर मुरुमं, मान काळी पडलेली, वजन वाढतच चाललेलं. ही तक्रार गावोगाव ऐकू येते, पण दबक्या आवाजात. पोरीनं आईला सांगितलं तर "लग्न झालं की सगळं जागेवर येतंय" असं उत्तर मिळतं. मान घासून घासून पोरी कातडं लाल करून घेतात, पण तो मळ नसतोच. पुरुष माणसानं यावर लिहावं का, असं काहींना वाटेल. पण दवाखान्याचे पैसे आणि गाडी ज्यांच्या हातात असते, त्यांनीच हे आधी वाचायला हवं.

या त्रासाला डॉक्टर पीसीओएस म्हणतात, म्हणजे पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम. आपल्याकडं पीसीओडी हाच शब्द तोंडात बसलाय. १९३५ साली शिकागोच्या स्टाईन आणि लेव्हेन्थल या दोन डॉक्टरांनी तो पहिल्यांदा नीट मांडला. सोनोग्राफीच्या रिपोर्टात 'सिस्ट' शब्द दिसला की घरात रडारड सुरू होते. पण त्या कॅन्सरच्या गाठी नव्हेत. बीजांडकोशात दर महिन्याला एक बीज पिकून बाहेर पडायचं असतं. ते पूर्ण न पिकता अर्ध्यावर राहतं, आणि अशा बारीक बारीक पाण्याच्या पिशव्या सोनोग्राफीत दिसतात.

असं का होतं? बऱ्याच जणींमध्ये मूळ कारण इन्सुलिनशी जोडलेलं असतं. ठिबकच्या नळीत क्षार साचले की झाडाला तेवढंच पाणी द्यायला मोटरचा दाब वाढवावा लागतो, तसंच हे. शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही, म्हणून ते जास्त इन्सुलिन तयार करतं. हे जादा इन्सुलिन बीजांडकोशाला पुरुषी हार्मोन जास्त बनवायला लावतं. त्यातून केस, मुरुमं आणि चुकलेली पाळी. घराण्यातून येणारा भागही मोठा आहे, त्यामुळं पोरीच्या चुकीनं हे झालं असं म्हणण्यात अर्थ नाही. आणि हा आजार जाड बायकांनाच होतो असंही नाही, सडपातळ मुलींनाही होतो.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानं मूल होण्याच्या वयातल्या १० ते १३ टक्के बायकांना हा त्रास आहे, आणि त्यातल्या ७० टक्क्यांपर्यंत बायकांना तो आहे हे माहीतच नसतं. आपल्या राज्यात परळच्या राष्ट्रीय प्रजनन आरोग्य संशोधन संस्थेनं मुंबईतल्या १५ ते २४ वयाच्या मुली तपासल्या होत्या. २०१४ साली छापलेल्या त्या अभ्यासात एका निकषानं २२.५ टक्के आणि दुसऱ्या, कडक निकषानं १०.७ टक्के मुलींना पीसीओएस निघाला. आकडा निकषावर बदलतो, पण कमीतला कमी धरला तरी दहातली एक.

निदान कसं होतं?

तीन गोष्टींपैकी दोन असाव्या लागतात : अनियमित पाळी, पुरुषी हार्मोन वाढल्याची खूण (केस, मुरुमं किंवा रक्ताचा रिपोर्ट), आणि सोनोग्राफीतलं चित्र. त्याआधी थायरॉईड आणि प्रोलॅक्टिनची तपासणी करून ती कारणं बाजूला काढायची असतात.

कोवळ्या मुलींच्या बाबतीत घाई नको. पहिली पाळी आल्यानंतरच्या वर्षात ती मागंपुढं होणं साहजिक आहे. पुढची दोन वर्षं २१ ते ४५ दिवसांचं अंतर चालतं. त्यानंतर ३५ दिवसांच्या वर जात असेल किंवा वर्षात आठपेक्षा कमी वेळा येत असेल तर दाखवायचं. पहिल्या वर्षानंतर कधीही सलग ९० दिवस पाळी आली नाही तर थांबू नये. पहिल्या पाळीनंतर आठ वर्षं होईपर्यंत सोनोग्राफीवरून पीसीओएस ठरवू नये, असं २०२३ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचना सांगतात. म्हणजे दहावीतल्या पोरीची नुसती सोनोग्राफी करून शिक्का मारून घेणं चूक.

ताटात काय?

पीसीओएससाठी खास असा एकच आहार नाही, त्याच सूचनांत तसं स्पष्ट म्हटलंय. म्हणून यूट्यूबवरचे डाएट आणि डब्यातल्या महागड्या पावडरी विकत घ्यायची गरज नाही. आपलं जुनं जेवण पुष्कळ बरं आहे. शाळूची नाहीतर बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, मटकीची उसळ, शेवग्याच्या शेंगा, मेथी, काकडी, ताक, सोबत शेंगाची चटणी. अंडी खाणाऱ्यांनी अंडी. अडचण अशी की भाकरी तीन आणि कालवण पळीभर असतं. ते उलटं करायचं : एखादी भाकरी कमी, आणि डाळ-उसळ-भाजी दुप्पट. घरातल्या बाईच्या वाट्याला शेवटी उरलेला भात आणि रस्साच येतो, तिथं सासूबाईंनी लक्ष घातलं तर निम्मं काम झालं.

खरा घात चहा करतो. एका कपात दोन चमचे साखर म्हणजे साधारण १० ग्रॅम. दिवसात चार कप झाले की ४० ग्रॅम, वर खारी-बिस्कीट वेगळं. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आत असेल तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गुळाचा चहा घेतला म्हणून सुटका होत नाही, शरीराला तीही साखरच. आपल्या भागात बेदाणा घरचा, म्हणून मुठीनं खाल्ला जातो. पण १०० ग्रॅम बेदाण्यात ६० ग्रॅमच्या आसपास साखर असते. आठ-दहा मणी ठीक. डाळिंब दाणे काढून खावं, रस पिऊ नये.

उपवासाचंही बोललं पाहिजे. श्रावण, नवरात्र, गुरुवार, चतुर्थी करत बाया दिवसभर उपाशी राहतात आणि संध्याकाळी साबुदाण्याची खिचडी, बटाटा, वर गोड. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिठूळ पदार्थ. उपवास सोडा असं कुणी म्हणत नाही. वरीचा भात, शेंगदाण्याची आमटी, ताक, फळ यावर भर दिला तरी फरक पडतो.

"आम्ही दिवसभर रानातच असतो"

व्यायामाचं नाव काढलं की हे उत्तर ठरलेलं. हंगामात ते खरंही आहे. बागेची छाटणी किंवा भांगलण करणाऱ्या बाईला वेगळ्या जिमची गरज नाही. पण काम वर्षभर सारखं नसतं, आणि कॉलेजला जाणारी पोरगी एसटीत, वर्गात आणि मोबाईलपुढं बसूनच असते. सूचनांप्रमाणे मोठ्या बायकांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं दम लागेल असं चालणं आणि दोन दिवस ताकदीचा व्यायाम करावा. १५० मिनिटं म्हणजे आठवड्यातले पाच दिवस अर्धा तास. अंगणात दोरीवरच्या उड्या, खुर्चीवरून हात न टेकता वीस वेळा उठबस, पाण्याच्या भरलेल्या कळशा उचलणं, हा ताकदीचाच व्यायाम.

खरी अडचण वेगळी आहे. पहाटे रस्त्यानं एकटी बाई चालायला निघाली की पारावरची तोंडं सुरू होतात. चौघींनी मिळून जावं, मुलीबरोबर आईनं जावं. शाळेचं मैदान संध्याकाळी तासभर बायकांसाठी ठेवायला ग्रामपंचायतीला एक रुपया खर्च येत नाही.

वजन जास्त असेल तर ५ ते १० टक्के उतरलं तरी बऱ्याच जणींची पाळी सुधारते. ७० किलोच्या बाईनं साडेतीन ते सात किलो, तेही सहा महिन्यांत सावकाश. आणि वजन हललं नाही तरी चालण्याचा फायदा साखरेला आणि मनाला होतोच, म्हणून काटा बघून सोडून देऊ नये.

झोप सात तास तरी हवी. रात्रीची लाईट आली की मालक मोटर सुरू करायला उठतो आणि बाईचीही झोप मोडते, हे आपल्याकडचं दुखणं आहे. ते आज मिटणारं नाही, पण अंथरुणात मोबाईल बघणं तरी बंद करता येईल. मिशरी लावायची सवय असेल तर तीही तंबाखूच, सोडलेली बरी. चिडचिड, रडू येणं, कशात मन न लागणं हेही या आजारासोबत जास्त दिसतं. 'नाटकं करतेय' म्हणण्याआधी १४४१६ या टेलिमानसच्या मोफत नंबरवर बोलून घ्यावं.

गोळ्या, लग्न आणि पिशवी

जत्रा किंवा पूजा आली की मेडिकलमधून पाळी पुढं ढकलायची गोळी आणायची, आणि पाळी चुकली की आणायची गोळी घ्यायची, दोन्ही डॉक्टरांशिवाय. हे थांबवावं. गोळीनं रक्तस्राव झाला म्हणजे आजार बरा झाला असं नव्हे. पण डॉक्टरांनी दिलेल्या हार्मोनच्या गोळ्या किंवा मेटफॉर्मिन मनानं बंदही करू नये. महिनोन् महिने पाळी न आल्यास गर्भाशयाचं अस्तर जाड होत जातं, त्याला उपचार लागतो.

लग्नानं पीसीओएस बरा होत नाही. त्यासाठी अठराच्या आत पोरीचं लग्न उरकणं गुन्हा तर आहेच, वर आजार तसाच राहतो. मूल होत नाही हेही खरं नाही. बऱ्याच जणींना आपोआप दिवस जातात, बाकीच्यांना बीज पिकवायच्या गोळ्यांनी. त्यात नवऱ्याचीही तपासणी आधी करावी, ती स्वस्त आणि सोपी आहे. पाळी अनियमित आहे म्हणजे दिवस जाणारच नाहीत, असंही धरून चालू नये.

गर्भपिशवी काढून टाकणं हा पीसीओएसचा इलाज नाही, दोष पिशवीत नसतोच. बीडच्या ऊसतोड बायकांच्या पिशव्या काढल्याच्या प्रकरणात २०१९ साली शासनाला नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमावी लागली होती. आपल्या तालुक्यातूनही टोळ्या तोडीला जातात. कुणी पहिल्याच भेटीत ऑपरेशन सुचवलं तर दुसऱ्या डॉक्टरांना दाखवल्याशिवाय सही करू नये.

पहिली चौकशी गावच्या आशाताईकडं किंवा आरोग्य केंद्रात करावी. पुढं जतचं ग्रामीण रुग्णालय आणि मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातला स्त्रीरोग विभाग. उमदी-संखकडच्या बाईचा मिरज गाठण्यात अख्खा दिवस मोडतो, म्हणून तयारीनं जावं. भिंतीवरच्या कॅलेंडरवर सहा महिने पाळीच्या तारखांना खूण करून ठेवावी आणि ती पानं सोबत न्यावीत. जुने रिपोर्ट आणि घेतलेल्या गोळ्यांची रिकामी पाकिटंही न्यावीत. घरात आई-वडिलांना साखर असेल तर ते सांगावं. निदान झाल्यावर रक्तदाब दरवर्षी आणि साखर एक ते तीन वर्षांनी तपासायची, आणि दिवस राहिले तर पहिल्याच भेटीत नर्सताईंना पीसीओएस असल्याचं सांगायचं.