बार्शीची नोंदवही आणि गर्भाशयमुखाचा कर्करोग

वाई हे मराठी विश्वकोशाचे गाव. नाना शास्त्रांतील अवघड संज्ञा मराठीत रुळविण्याचे काम या कृष्णाकाठी दीर्घकाळ चालले. ‘गर्भाशयमुख’ हा शब्द आज कोणत्याही पदवीधर तरुणीला वाचता येतो. तो घरात मोकळेपणाने उच्चारला जातो, असे मात्र म्हणता येणार नाही. या अवयवाच्या कर्करोगाविषयी महाराष्ट्रात जे महत्त्वाचे ज्ञान निर्माण झाले, त्याचा इतिहास पाहता एक गोष्ट विशेषत्वाने ध्यानात येते. ते ज्ञान सुशिक्षितांच्या जागृतीतून आलेले नसून, बार्शी-परांड्याकडील खेड्यांतल्या, बहुतांशी शाळेचे तोंड न पाहिलेल्या स्त्रियांच्या सहकार्यातून आलेले आहे.

1941 साली मुंबईत टाटा स्मारक रुग्णालय सुरू झाले. त्याच वर्षी अमेरिकेत पापानिकोलाउ व ट्राउट यांनी स्रावातील पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहून हा रोग ओळखता येतो, असे दाखविले. पुढे पाश्चात्त्य देशांत या चाचणीने मृत्यू घटविले. आपल्याकडे ती शहरांपुरतीच राहिली. 1963 मध्ये मुंबईत देशातील पहिली लोकसंख्याधिष्ठित कर्करोग-नोंदणी सुरू झाली, परंतु खेड्यांचे चित्र अंधारातच होते.

ही उणीव 1987 साली बार्शी येथे सुरू झालेल्या ग्रामीण नोंदणीने काही अंशी भरून काढली. बार्शी, परांडा व भूम हे तीन तालुके तिच्या कक्षेत होते. शहरात रुग्णालयांचे दप्तर चाळून नोंदी मिळतात. येथे रुग्ण रुग्णालयापर्यंत पोहोचतच नसे. म्हणून कार्यकर्त्यांना गावोगाव जाऊन लक्षणांची चौकशी करावी लागली. दुखणे अंगावर काढणे ही आपल्या स्त्रियांची जुनी रीत. पाळीखेरीज होणारा रक्तस्राव, संबंधानंतर दिसणारे रक्त, दुर्गंधीयुक्त पांढरे जाणे, यांविषयी त्यांना प्रथमच कोणी गांभीर्याने विचारीत होते. मोजणीसाठी आलेली माणसे अशा रीतीने जागृतीची वाहक बनली. 1995 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोगाच्या आरंभीच्या अवस्थेत निदान होणाऱ्यांचे प्रमाण वाढल्याचे दिसून आले. मोजण्यानेच मोजली जाणारी वस्तू बदलावी, हे संख्याशास्त्रज्ञास कदाचित रुचणार नाही. इतिहासाच्या अभ्यासकाने मात्र ते नोंदविले पाहिजे.

या विश्वासाच्या पायावर तेव्हाच्या उस्मानाबाद (आताच्या धाराशिव) जिल्ह्यात मोठा प्रयोग उभा राहिला. 30 ते 59 वयाच्या 1,31,746 स्त्रियांचे, गावांच्या 52 समूहांनुसार, चार गट पाडण्यात आले. एका गटात पॅपिलोमा विषाणूची चाचणी, दुसऱ्यात पेशीपरीक्षा, तिसऱ्यात पातळ अॅसेटिक आम्ल लावून डोळ्यांनी केलेली पाहणी; चौथ्यास प्रचलित सेवेखेरीज तपासणी नव्हती. 2009 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. विषाणूचाचणी एकदाच झालेल्या गटात या रोगाने 34 मृत्यू झाले, चौथ्या गटात 64. उरलेल्या दोन पद्धतींनी मृत्यूंत निर्णायक घट दिसली नाही. मुंबईच्या वस्त्यांतील दुसऱ्या प्रयोगात मात्र दर दोन वर्षांनी केलेल्या आम्लपाहणीने मृत्युदर 31 टक्क्यांनी उतरला, असे 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. चौथ्या गटास तपासणीविना ठेवणे न्याय्य होते काय, हा आक्षेप पुढे जाहीरपणे घेतला गेला. तो केवळ ‘तेव्हा देशात तपासणी नव्हतीच’ एवढ्या उत्तराने मिटतो, असे मला वाटत नाही. त्या 64 जणी कोणत्या गटात पडल्या, हे सोडतीने ठरले होते.

आता सुशिक्षित तरुणींकडे वळू. विवाहाचे वय वाढले, बाळंतपणे कमी झाली, आणि मुंबईच्या नोंदणीत या रोगाचे प्रमाण दशकानुदशके उतरत गेले. त्यामुळे हा ‘गरिबांचा रोग’ असा समज बळावला. परंतु हाराल्ड त्सुर हाउझेन यांनी 1983 मध्ये ज्या विषाणूशी या रोगाचा संबंध दाखविला, तो पदवी पाहून संसर्ग करीत नाही. संसर्गापासून कर्करोगापर्यंत बहुधा दहाहून अधिक वर्षे जातात. हीच तपासणीची संधी. तरीही 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब-आरोग्य सर्वेक्षणात, 30 ते 49 वयाच्या भारतीय स्त्रियांपैकी कधी तरी ही तपासणी झालेल्या शंभरांत दोनही नव्हत्या.

प्रतिबंधक लस 9 ते 14 या वयात सर्वांत उपयुक्त. 26 व्या वर्षापर्यंतही देता येते. शासकीय मार्गदर्शनानुसार तपासणी 30 पासून, दर पाच वर्षांनी. वाईच्या महाविद्यालयात शिकणारी विशीतील तरुणी या दोन वयांच्या मध्ये उभी असते. तिची आई मात्र बहुधा तपासणीच्याच वयात असते, आणि तिला हा शब्द आजवर कोणी सांगितलेला नसतो.