बर्फातला टायर: नक्षीकडून रबराकडे

उत्तर अमेरिकेत किंवा उत्तर युरोपात विकला जाणारा ‘ऑल-टेरेन’ टायर, म्हणजे डांबरी रस्ता आणि कच्ची वाट या दोन्हींवर चालावा म्हणून घडवलेला टायर, हिवाळ्यातही निभावून नेईल असे विक्रेते सांगतात, आणि ग्राहक त्याला खास हिवाळी टायरशेजारी ठेवून निवड करतो. ही तुलना आज सहज होत असली, तरी तिच्यामागे दोन वेगळ्या परंपरा आहेत. एक परंपरा चिखलात रुतलेले वाहन बाहेर काढण्याच्या गरजेतून वाढली, तर दुसरी गोठलेल्या रस्त्यावर रोजची वाहतूक चालू ठेवण्याच्या गरजेतून. दोन्हींनी प्रथम टायरच्या नक्षीचा विचार केला आणि रबराच्या मिश्रणाकडे त्या पुढे वळल्या. हिवाळी टायर त्या वळणावर बराच आधी पोचला, ऑल-टेरेन टायर मागाहून आला, आणि दोहोंतला आजचा फरक मुख्यतः या मागेपुढे होण्याचा परिणाम आहे.

हवा भरलेल्या सुरुवातीच्या टायरांचा पृष्ठभाग गुळगुळीत असे. चिखल किंवा बर्फ लागला की चालक चाकांभोवती दोर गुंडाळत, आणि न्यूयॉर्क राज्यातील कॅनास्टोटा येथील हॅरी वीड याने याच तोडग्याला लोखंडी रूप देऊन १९०४ मध्ये चाकावर चढवायच्या साखळ्यांचे पेटंट मिळवले. त्याच सुमारास जर्मनीच्या काँटिनेंटल कंपनीने नक्षीदार टायर आणला. १९०८ मध्ये फायरस्टोन कंपनीने तर आपले नाव आणि ‘नॉन स्किड’ ही अक्षरेच टायरच्या पृष्ठभागावर तिरकी उठवली, त्यामुळे जाहिरात आणि पकड एकाच साच्यातून निघू लागली. साखळीचा उपाय मात्र मागे पडला नाही, आणि हिमालयातील घाटांत हिवाळ्यात आजही चाकांना साखळ्या बांधल्या जातात. परंतु साखळी बांधलेले वाहन सावकाशच हाकावे लागते, आणि मोकळा रस्ता लागताच ती उतरवली नाही तर रस्ता, टायर व साखळी तिन्ही झिजतात.

साखळीवाचून बर्फात चालणारे चाक घडवण्याचे काम फिनलंडमध्ये झाले. तेथील ‘सुओमेन गुम्मितेहदास’ हा रबर कारखाना १८९८ मध्ये स्थापन झाला आणि १९०४ मध्ये नोकिया गावी हलला. मोबाइल फोनमुळे जे नाव पुढे महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत पोचले ते मुळात याच गावाचे, कारण १९६७ मध्ये हा कारखाना, एक कागद कारखाना आणि एक केबल कारखाना एकत्र होऊन नोकिया महामंडळ बनले. या कारखान्याने १९३४ मध्ये ‘केलिरेंगास’ नावाचा ट्रकचा टायर काढला, आणि खास बर्फासाठी बनवलेला जगातील पहिला टायर म्हणून तो ओळखला जातो. त्या काळी फिनलंडमधील बरेच रस्ते हिवाळ्यात बर्फ न हटवताच वापरले जात, त्यामुळे चाकाने बर्फ कापत पुढे जावे अशा खोल, आडव्या खाचा त्याला दिलेल्या होत्या. दोन वर्षांनी, १९३६ मध्ये, मोटारींसाठी ‘हाक्कापेलीत्ता’ आला; तीस वर्षांच्या युद्धात स्वीडनचा राजा गुस्ताव आडोल्फ याच्या सैन्यात लढलेल्या फिनिश घोडेस्वारांचे हे नाव आजतागायत त्या कंपनीच्या हिवाळी टायरांवर टिकून आहे.

या आडव्या खाचांचे काम नेमके कसे चालते हे समजल्याशिवाय पुढचा इतिहास उलगडत नाही. ताज्या बर्फाला ताजा बर्फच चांगला चिकटतो, म्हणून टायरच्या खाचेत दाबून बसलेला बर्फ जमिनीवरच्या बर्फाला धरतो आणि चाकाला पुढे सरकायला आधार मिळतो. चिखलाचे याच्या अगदी उलट असते: खाचेत चिखल साचून राहिला की टायर पुन्हा गुळगुळीत होतो, म्हणून चिखलाच्या टायरला रुंद खाचा हव्यात आणि प्रत्येक फेरीत त्यांतला चिखल झटकला जायला हवा. गोठलेल्या पाण्याचा कडक थर ही तिसरीच अवस्था. त्यावर खाचेत भरायला काही नसते, वितळण्याच्या जवळ असलेल्या बर्फावर पाण्याचा पातळ पापुद्रा असतो, आणि तेथे रबराची जितकी जागा व जितक्या बारीक कडा रस्त्याला टेकतील तितकी पकड मिळते. एकाच नक्षीकडून या तिन्ही अवस्था सांभाळण्याची अपेक्षा करणे म्हणजे तिन्हींत थोडी थोडी तडजोड पत्करणे होय.

बारीक कडा मिळवण्याचा मार्ग पायताणातून आला. अमेरिकेतील जॉन साइप याने रबरी तळव्याला बारीक चिरा पाडून ओल्या फरशीवरची घसरण कमी करण्याच्या युक्तीचे पेटंट १९२३ मध्ये घेतले होते, आणि टायरच्या नक्षीतील रबरी ठोकळ्यांवरील केसासारख्या चिरांना इंग्रजीत आजही त्याच्याच नावावरून ओळखले जाते. चाकावर भार पडला की या चिरा किंचित उघडतात आणि प्रत्येक चिरेची कड बर्फाला खरवडते. दुसरा मार्ग अधिक आडदांड होता. १९५० च्या दशकाच्या उत्तरार्धापासून स्कँडिनेव्हियात, आणि १९६० च्या दशकात अमेरिका व कॅनडात, टंगस्टन कार्बाइड या अत्यंत कठीण पदार्थाचे टोक असलेले छोटे खिळे टायरमध्ये बसवले जाऊ लागले. कडक बर्फावर त्यांना तोड नव्हती. परंतु बर्फ नसलेल्या दिवशी तेच खिळे डांबर आणि काँक्रीट कुरतडू लागले, रस्त्यांवर चाकोऱ्या पडल्या आणि दुरुस्तीचा खर्च सरकारांच्या अंगावर आला. अमेरिकेतील मिनेसोटा राज्याने आणि कॅनडातील ऑंटारियो प्रांताने १९७० च्या दशकाच्या आरंभी, तर पश्चिम जर्मनीने १९७५ मध्ये खिळ्यांच्या टायरवर बंदी घातली.

या वादाचे सर्वांत बोलके पर्व जपानमध्ये घडले. उत्तर जपानमधील शहरांत रस्त्यावर बर्फ असो वा नसो, सगळा हिवाळा खिळ्यांच्या टायरवर काढण्याची रीत पडली होती, आणि मियागी प्रांतातील सेंदाई शहरात रस्ता घासून उठणारी धूळ इतकी वाढली की तो सार्वजनिक आरोग्याचा प्रश्न बनला. नागरिकांच्या दबावापुढे आधी स्थानिक नियम झाले आणि १९९० च्या जूनमध्ये राष्ट्रीय कायदा झाला. या टायरांच्या वापरास प्रथम मनाई आणि नंतर दंड, अशी त्याची टप्प्याटप्प्याने अंमलबजावणी झाली. उद्योगाला याची चाहूल आधीच लागली होती. ब्रिजस्टोनने १९८८ मध्ये जपानच्या बाजारात आणलेल्या ‘ब्लिझॅक’ टायरच्या रबरात सूक्ष्म पोकळ्या होत्या. टायर झिजत जाई तशा त्या उघड्या पडत, बर्फावरील पाण्याचा पापुद्रा शोषून घेत, आणि रबर थेट बर्फाला टेकत असे. खिळ्यांचे काम मिश्रणाने करून दाखवले, हे टायरच्या इतिहासातील खरे वळण होय. मात्र धूळ गेली आणि दुसरीच अडचण पुढे आली: खिळे बर्फाचा पृष्ठभाग खडबडीत ठेवत असत, ते नाहीसे झाल्यावर साप्पोरोसारख्या शहरांत चौकाचौकांतील बर्फ बिनखिळ्यांच्या चाकांखाली घासून आरशासारखा झाला. एकाच्या टायरमुळे दुसऱ्याचा रस्ता बदलतो, ही बाब टायर निवडणाऱ्याच्या हिशेबात सहसा येत नाही.

मिश्रणाचे महत्त्व रबराच्या स्वभावातून येते. कोणतेही रबर थंड होत गेले की एका विशिष्ट तापमानाला काचेसारखे कडक होते; नैसर्गिक रबरासाठी हा बिंदू उणे ७० अंश सेल्सिअसच्या आसपास, तर पॉलिब्युटाडाइन या कृत्रिम रबराच्या काही प्रकारांत त्याहूनही खाली असतो. तो बिंदू गाठण्याच्या कितीतरी आधीपासून लवचिकपणा कमी होत जातो, आणि उन्हाळ्यातील वेग व उष्णता सोसावी म्हणून घडवलेले मिश्रण थंडीत लवकर ताठरते. युरोपात ७ अंश सेल्सिअस हा उन्हाळी टायर बदलण्याचा व्यवहारातील टप्पा मानतात. निफाडच्या द्राक्षबागायतदाराला तो डिसेंबर-जानेवारीतील पहाटेचा परिचित आकडा वाटेल, पण तिथे दुपारपर्यंत पारा वर चढतो, तर हेलसिंकी किंवा मॉन्ट्रियलमध्ये तो आठवडेच्या आठवडे शून्याखाली राहतो. १९९० च्या दशकात, मिशेलिनच्या पुढाकाराने, टायरमधील काजळीची जागा काही अंशी सिलिका घेऊ लागली, तेव्हा ओल्या व थंड रस्त्यावरील पकड आणि इंधनाची बचत यांतील जुना विरोध बराच सौम्य झाला.

ऑल-टेरेनची परंपरा या सगळ्यापासून दूर वाढत होती. दुसऱ्या महायुद्धातील जीपला जाड, आडवे ठोकळे असलेला लष्करी टायर असे. तो पुढे-मागे सारखाच ओढत असे आणि डांबरी रस्त्यावर मोठ्याने घोंघावत असे. पुढे मिशेलिनने १९४० च्या दशकात रेडियल रचना विकसित केली. या रचनेत टायरच्या आतील धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवे ओढलेले असतात आणि पृष्ठभागाखाली पोलादी तारांचा पट्टा असतो. त्यामुळे टायरच्या बाजू लवचिक राहूनही रस्त्याला टेकणारा भाग सपाट राहतो. बीएफगुडरिच कंपनीने १९७६ मध्ये हलक्या ट्रकांसाठी ‘रेडियल ऑल-टेरेन टी/ए’ आणला, तेव्हा रोजच्या रस्त्याची सोय आणि कच्च्या वाटेचा दणकटपणा प्रथमच एकत्र आल्याचे मानले गेले. त्याची ख्याती मेक्सिकोच्या बाहा वाळवंटातील शर्यतींवर उभी होती. म्हणजे दगडाने टायरची बाजू फाटू नये हा त्याच्या घडणीचा मुख्य विचार होता, आणि थंडी हा विषयच नव्हता. पुढच्याच वर्षी गुडइयरने ‘टिएम्पो’ हा मोटारींचा सर्वऋतू टायर काढला, आणि वर्षातून दोनदा टायर बदलण्याची कटकट संपली असे अमेरिकी ग्राहकाला वाटू लागले.

या दोन्ही प्रकारांवर ‘एम+एस’ अशी अक्षरे असत, म्हणजे ‘मड अँड स्नो’, चिखल आणि बर्फ. अमेरिकी उद्योगसंघाची त्यामागची व्याख्या निव्वळ भूमितीची होती: पृष्ठभागाचा किमान २५ टक्के भाग मोकळा असावा आणि कडेपासून आत विशिष्ट लांबीच्या व कोनाच्या खाचा असाव्यात, इतके पुरे. चाचणीची अट नव्हती, रबर कसले हे कोणी विचारत नव्हते, आणि त्यामुळे वाळवंटात घडलेला टायरही कागदोपत्री बर्फाचा ठरत होता. १९९९ मध्ये अमेरिका आणि कॅनडाच्या रबर उद्योगसंघांनी तीन शिखरांच्या पर्वतात हिमकण दाखवणारे नवे चिन्ह आणले. ते मिळवायला टायरने दाबलेल्या बर्फावर प्रमाण टायरपेक्षा किमान १० टक्के अधिक ओढ दाखवावी लागे. ऑल-टेरेन टायर बनवणाऱ्यांना आता मिश्रणात सिलिका वाढवणे आणि ठोकळ्यांवर चिरा पाडणे भाग पडले, आणि २०१४ च्या ‘केओ२’ या बीएफगुडरिचच्या आवृत्तीवर ते चिन्ह झळकले.

कायदे टायरच्या मागून चालत आले. फिनलंडमध्ये हिवाळी टायर १९७८ पासून सक्तीचे आहेत; कॅनडातील क्वेबेकने ती सक्ती २००८ च्या हिवाळ्यात केली. जर्मनीत ‘एम+एस’ अक्षरे बराच काळ चालत होती, परंतु २०१७ नंतर बनलेल्या टायरांना हिमकणाचे चिन्ह आवश्यक ठरले आणि जुन्या टायरांची सवलत ३० सप्टेंबर २०२४ रोजी संपली.

तरीही या चिन्हामागच्या अमेरिकी चाचणीत मोजली जाते ती गाडी पुढे ओढण्याची ताकद; ब्रेक दाबल्यावर किंवा वळणावर टायर काय करील हे तिच्यात येत नाही, आणि चारही चाकांना शक्ती देणाऱ्या उंच गाडीत, जी सुटताना घसरतच नाही, चालकाची नेमकी येथेच फसगत होते. भारी वाहनांसाठीच्या ऑल-टेरेन टायरांचे थर जाड, ठोकळे मोठे आणि चिरा मोजक्या असतात. खोल, मऊ बर्फात ते उत्तम खणतात, न उपसलेल्या गावरस्त्यावर पुष्कळदा समाधान देतात, पण शहराच्या चौकातील घासलेल्या कडक बर्फावर मऊ रबराचा नॉर्डिक, म्हणजे उत्तर युरोपीय, पद्धतीचा हिवाळी टायर त्यांच्या पुढे राहतो, आणि कोरड्या हमरस्त्यावर इंधन व आवाज यांची किंमत ऑल-टेरेन वर्षभर वसूल करतो. युरोपीय संघाने मे २०२१ पासून लागू केलेल्या टायरच्या माहितीपट्टीवर बर्फाचे आणि कडक बर्फाचे चिन्ह म्हणूनच वेगवेगळे ठेवले आहे.