वैद्यकीय शिक्षणातील पोषणशास्त्र

आहारघटकांचे शरीरातील कार्य आणि रोग उद्भवण्यात, बळावण्यात किंवा आटोक्यात येण्यात आहाराचा असलेला वाटा यांचे वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना दिले जाणारे शिक्षण. भारतात एमबीबीएसच्या अभ्यासक्रमात पोषणशास्त्र हा स्वतंत्र विषय नाही. जीवनसत्त्वे व चयापचय जीवरसायनशास्त्रात, आहाराच्या शिफारशी व राष्ट्रीय कार्यक्रम जनऔषधवैद्यकशास्त्रात आणि कुपोषित बालकाचे उपचार बालरोगशास्त्रात, अशी त्याची वाटणी झाली आहे. २०१९ पासून लागू झालेल्या क्षमताधिष्ठित अभ्यासक्रमातही ही विभागणी कायम आहे. त्यामुळे पहिल्या वर्षी पाठ केलेले जीवनसत्त्वांचे तक्ते आणि शेवटच्या वर्षी वॉर्डात भेटणारा रुग्ण यांची सांगड घालण्याचे काम विद्यार्थ्यावरच येऊन पडते.

वास्तविक हे शास्त्र डॉक्टरांनीच घडवले. रॉबर्ट मॅककॅरिसन या लष्करी डॉक्टरांनी १९१८ मध्ये कुन्नूर येथे बेरीबेरीच्या संशोधनासाठी सुरू केलेल्या छोट्या केंद्रातून पुढे हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था उभी राहिली. प्रथिनांच्या अभावाशी जोडल्या गेलेल्या क्वाशिओरकर या बालरोगाचे वर्णन डॉ. सिसिली विल्यम्स यांनी १९३० च्या दशकात आफ्रिकेतील गोल्ड कोस्ट येथे केले. अभावजन्य रोगांची कारणे उलगडली, तसा पोषणाचा अभ्यास वैद्यकाच्या कडेला सरकत गेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने १९८५ मध्ये वैद्यकीय महाविद्यालयांत पोषणाचे किमान २५ तास असावेत अशी शिफारस केली. पाव शतकानंतर, २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तेथील सरासरी १९.६ तासांचीच आढळली. अनेक देशांतील २४ अभ्यासांचा २०१९ मध्ये घेतलेला आढावाही याच निष्कर्षाला आला : वैद्यकाचे विद्यार्थी पोषणविषयक सल्ला देण्याइतके तयार होत नाहीत.

भारतात ही उणीव अधिक महाग पडते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी–५ (२०१९–२१) नुसार पाच वर्षांखालील ३५.५% मुलांची उंची वयाच्या मानाने कमी आहे आणि १५ ते ४९ वयोगटातील ५७% स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याच पाहणीत २४% स्त्रिया जादा वजनाच्या किंवा स्थूल आढळल्या. उपासमार आणि अतिपोषण ही दोन टोके एकाच शरीरातही भेटतात. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी १९९३ पासून केलेल्या अभ्यासात ग्रामीण भागातील नवजात बाळे वजनाने कमी, तरीही चरबीचे प्रमाण तुलनेने जास्त असलेली दिसली. आईच्या गरोदरपणातील आहाराचा मुलाच्या पुढील मधुमेहाच्या जोखमीशी संबंध असेल, तर प्रसूतितज्ज्ञापासून मधुमेहतज्ज्ञापर्यंत प्रत्येकाला पोषणाची जाण हवी.

यावर पहिला आक्षेप असा, की हे काम आहारतज्ज्ञांचे आहे. सविस्तर आहारयोजना त्यांनीच आखावी, हे योग्यच; पण रुग्णाला त्यांच्याकडे पाठवण्याची गरज प्रथम डॉक्टरला ओळखता यावी लागते, आणि बहुतेक प्राथमिक आरोग्य केंद्रांत डॉक्टर असला तरी आहारतज्ज्ञ नसतो. शिवाय काही निर्णय उपचाराचेच असतात. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर आहार दिल्यास रक्तातील फॉस्फेट झपाट्याने घसरून जीव धोक्यात येऊ शकतो. लोहाच्या गोळीबरोबर चहा घेतल्यास लोहाचे शोषण घटते. मेटफॉर्मिन हे मधुमेहावरील औषध वर्षानुवर्षे घेणाऱ्यांत बी–१२ ची कमतरता उद्भवू शकते, आणि मुळात दूध-मांस कमी खाणाऱ्या रुग्णाच्या बाबतीत तर हे ध्यानात ठेवलेच पाहिजे.

दुसरा आक्षेप आहारसल्ल्याच्या परिणामकारकतेवर आहे : लोक ऐकत नाहीत, आणि शिफारशीही बदलत राहतात. चेन्नईतील भारतीय मधुमेह प्रतिबंध चाचणीने (२००६) पहिल्या शंकेला उत्तर दिले. मधुमेहाच्या उंबरठ्यावरील व्यक्तींत आहार व व्यायामातील बदलांनी तीन वर्षांत धोका २८.५% नी, तर मेटफॉर्मिनने २६.४% नी कमी केला. म्हणजे पद्धतशीर सल्ला औषधाच्या तोडीचा ठरला. शिफारशी बदलतात हे खरे, पण औषधोपचारही बदलतात. म्हणून औषधशास्त्र शिकवणे कोणी थांबवत नाही. उलट, पुरावा तोलायला शिकलेला डॉक्टरच जाहिरातींतील प्रोटीन पावडरींपासून आणि समाजमाध्यमांवरील आहारपंथांपासून रुग्णाला सावध करू शकतो.

अभ्यासक्रम आधीच ओसंडून वाहत आहे, हा तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. त्यावर नवे पाठ्यपुस्तक लादणे हा उपाय नव्हे. आहे त्या वेळातच रुग्णाचा इतिहास घेताना तो काय खातो, घरी कोण रांधते, रेशनवर काय मिळते हे विचारण्याची आणि नाडी, रक्तदाबाप्रमाणे दंडघेर व वजनवाढ नोंदवण्याची सवय लावता येते. सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेत विद्यार्थी पहिल्याच वर्षी खेड्यात राहून कुटुंबांशी जोडले जातात. पोषण शिकण्यासाठी यासारखी दुसरी शाळा नाही. मात्र परीक्षेत जे विचारले जात नाही ते विद्यार्थी शिकत नाहीत. म्हणून अंतिम वर्षाच्या प्रात्यक्षिक परीक्षेत प्रत्येक रुग्णाच्या पोषणस्थितीचे मूल्यमापन आणि त्याच्या ऐपतीला परवडेल असा आहारसल्ला यांना गुण ठेवणे, ही या शिक्षणातील सर्वांत कमी खर्चाची आणि सर्वांत आवश्यक सुधारणा होय.