उरलचा वारा

१९५९ च्या फेब्रुवारीत उरल पर्वतावर इगोर द्यातलोव्हच्या स्की-तुकडीतले नऊही जण मेले. तंबू आंतून फाडलेला, पुष्कळांच्या पायांत जोडे नाहीत. माणसांना न आवरलेली निसर्गशक्ती, एवढे कारण देऊन चौकशी मिटली. खाणीतल्या अपघातावर ‘दैवी आपत्ती’ असा शेरा आम्ही पुष्कळदा वाचला आहे. म्हणून आम्ही विचारतो, शक्ती कोणती?

माथ्यावर गारठलेली हवा जड होते आणि उतारावरून लोंढ्यासारखी कोसळते. आपल्या वावटळीची धूळ तरी दुरून दिसते! १९७८ मध्ये स्वीडनच्या अनारिस डोंगरांत अशाच वाऱ्याने नऊंपैकी आठ स्कीवाले घेतले. २०१९ मध्ये एका स्वीडिश-रशियन तुकडीने ही तुलना मांडली.

पण मोडलेल्या फासळ्यांपाशी निव्वळ वारा अडतो. २०२१ मध्ये गोम आणि पुझ्रिन यांनी गणित मांडले: तंबूसाठी उतार खणलेला, वाऱ्याने वर बर्फ आणून रचला, कांही तासांनी तो थर सुटला असावा. म्हणजे गुन्हेगार वाराच, फक्त हत्यार बर्फाचे. आम्हांस हे पटते.

द्यातलोव्ह, कोल्मोगोरोवा आणि स्लोबोदिन यांची प्रेते झाडीपासून तंबूकडे परतणाऱ्या वाटेवर सापडली.