पानाचा आकार बदलला? फवारणीआधी कारण ओळखा

कपाशीचं पान भेंडीसारखं दिसू लागलं, मिरचीचा शेंडा गोळा झाला, मोसंबीची पालवी बारीक निघाली, की शेतकरी आधी औषधाच्या दुकानाकडे धावतो. पण पानाचा आकार बदलला म्हणजे दर वेळी रोगच असतो असं नाही. ऊन, पाणी, वारा, सावली आणि जमीन यांचाही पानावर परिणाम होतो. कारण चुकलं तर औषधाचा पैसा वाया जातो आणि पिकाचे दिवसही हातचे जातात.

पान लहान-मोठं का होतं?

अन्न तयार करायला पानाला ऊन लागतं. पण त्याच पानाच्या बारीक छिद्रांतून पाणीही उडून जातं. रुंद पान भर उन्हात जास्त तापतं आणि थंड राहायला त्याला भरपूर पाणी लागतं. लहान पानाची उष्णता वाऱ्याने पटकन निघून जाते. म्हणून ओलाव्याच्या जागी केळी, अळू वाढतात, तर कोरड्या माळावर बारीक पाल्याची बाभूळ तग धरते. निवडुंगाच्या पानांचे तर काटेच झाले. अन्न तयार करण्याचं काम त्याचं हिरवं खोड करतं. साग पावसाळ्यात मोठी पानं काढतो आणि उन्हाळ्यात ती गाळून पाणी वाचवतो.

रात्रीची थंडीही महत्त्वाची आहे. जगभरातील ७,६७० वनस्पतींचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. रात्री पान गोठण्याचा धोका असतो तिथेही पानाच्या आकाराला मर्यादा पडते, असं त्यात दिसून आलं.

एकाच झाडावरही फरक दिसतो. बाहेरच्या उन्हातली पानं लहान आणि जाड, तर आतल्या सावलीतली मोठी आणि पातळ असतात. हा रोग नव्हे.

शेतात काय पाहावं?

- ज्वारी, मका: दुपारी पानाची सुरळी झाली आणि संध्याकाळी उलगडली, तर तो उन्हाचा ताण. सकाळीही सुरळी तशीच असेल तर जमिनीतली ओल तपासून पाणी द्यावं.
- केळी: वाऱ्याने पान फाटतं. त्यावर औषध नाही. बागेभोवती शेवरीसारखं वारारोधक कुंपण लावावं.
- मोसंबी, संत्रा: नवी पानं लहान, अरुंद आणि शिरांमध्ये पिवळी असतील तर जस्ताची कमतरता असू शकते.
- मिरची: पानाच्या कडा वर वळल्या तर फुलकिडे, खाली वळल्या तर कोळी असण्याची शक्यता जास्त. पान उलटून भिंगाने पाहावं. विषाणूमुळेही पान आकसतं.
- कपाशी: नवी पानं अरुंद, बोटांसारखी, भेंडीच्या पानासारखी झाली तर टू-फोर-डी तणनाशकाचा संशय घ्यावा. शेजारच्या ऊस-ज्वारीवरचा फवारा वाऱ्याने येतो किंवा पंपात अंश राहिलेला असतो. कीटकनाशकाने हे बरं होत नाही. मार सौम्य असेल तर पुढची पालवी सुधारते. तणनाशकाचा पंप वेगळाच ठेवावा आणि वारा कपाशीकडे वाहत असताना फवारणी टाळावी.

पूर्ण वाढलेलं पान पुन्हा मूळ आकारात येत नाही. त्यामुळे उपाय लागू पडला का, हे नव्या पालवीवरूनच कळतं. शंका असेल तर एक चांगलं आणि एक बिघडलेलं पान सोबत घेऊन सहायक कृषी अधिकारी किंवा कृषी विज्ञान केंद्रात दाखवावं. अलीकडे कोणती फवारणी केली आणि पाणी कधी दिलं, हेही सांगावं.