कन्हानची वाळू आणि पाऱ्याची रुजुवात

सातपुड्यातून उतरून, बिना येथे पेंच आणि कोलार यांचे पाणी सामावून घेत कामठीच्या बाजूने वाहणारी कन्हान वैशाखात इतकी रोडावते की पाण्याहून वाळूच अधिक दिसू लागते. आणि त्या वाळूवर भर दुपारी अनवाणी पाय ठेवण्याचे धाडस ज्याने केले असेल, त्याला या मुलुखात उष्मा मोजण्यासाठी काचेच्या नळीची गरज का भासावी, असा प्रश्न पडणे स्वाभाविक आहे. तथापि उष्णता सोसणे आणि तिचा हिशेब ठेवणे या भिन्न गोष्टी होत. आणि हिशेब आला की त्याची रुजुवातही आली.

हा हिशेब आपल्याकडे इंग्रजी अंमलाबरोबर आला. सीताबर्डीच्या लढाईनंतर काही वर्षांतच, 1821 साली, कन्हानच्या तीरावर कामठीची छावणी वसली. अशा छावण्यांतील लष्करी वैद्य रोगराईचा आणि हवेचा संबंध शोधण्याच्या हेतूने तापमानाच्या नोंदी ठेवीत. परंतु कोणी यंत्र ओसरीत टांगी, कोणी भिंतीशी, त्यामुळे एका ठिकाणचा आकडा दुसऱ्याशी ताडून पाहण्याची सोय नसे. 1875 साली हिंदुस्थान सरकारचे हवामान खाते स्थापन होऊन हेन्री ब्लॅनफर्ड त्याचे प्रमुख झाले, तेव्हा कुठे या अनागोंदीला आळा बसू लागला. तापमापके गवताने शाकारलेल्या, चोहोबाजूंनी वारा खेळणाऱ्या मांडवात ठेवावीत आणि प्रमाणित यंत्राशी ताडून त्यांच्या चुकीचा दाखला दप्तरी ठेवावा, ही शिस्त माझ्या मते त्या खात्याच्या अनेक गाजलेल्या अंदाजांहून मोलाची होय. कारण ज्याची चूक ठाऊक आहे, ते सदोष यंत्रही वापरता येते.

जिथे उष्णतेतील चुकीची किंमत थेट जिवाला मोजावी लागते, त्या अंडी उबवण्याच्या विद्येने मात्र पाऱ्यावाचून सहस्रावधी वर्षे काढली. मिसर देशातील उबवणीच्या भट्ट्यांवरचे कसबी लोक अंडे पापणीला लावून त्याची ऊब पारखीत. फ्रान्सच्या रेओम्यूरने 1749 साली या विषयावर ग्रंथ लिहून तापमापकाला उबवणीत मानाचे स्थान दिले. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या चार्ल्स हिअर्सनने ठरावीक उष्णतेला फुगणाऱ्या द्रवाच्या डबीने झाकण आपोआप उघडणारी पेटी बाजारात आणली. कोंबडीच्या अंड्याला साडेसदतीस अंशांच्या आसपासची ऊब एकवीस दिवस लागते, आणि त्यात चूक झाली तर पिलू उशिरा निघते, अधू निघते किंवा निघतच नाही. म्हणजे चूक निदान दिसते तरी!

सरपटणाऱ्या प्राण्यांच्या अंड्यांपाशी हा दिलासा संपतो. 1966 साली डाकार येथे मादलेन शार्निए हिने एका जातीच्या सरड्यावर असे दाखवले की पिलू नर होणार की मादी, हे उबवणीच्या उष्णतेवर ठरते. कन्हानच्याच खोऱ्यात, पेंचेवरील तोतलाडोहात नांदणारी मगर याच पंथातली. ती फाल्गुन-चैत्राच्या सुमारास काठावर खड्डा खणून अंडी घालते आणि वर तापमानाचा कहर चालू असता खालच्या थरातील बऱ्याच स्थिर उबेवर वंशाचा भार सोपवून देते. मद्रासच्या मगर-पेढीत जेफ्री लँग, हॅरी अँड्र्यूज आणि रोम्युलस व्हिटेकर यांनी या मगरीची अंडी निरनिराळ्या स्थिर तापमानांवर उबवून 1989 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले: 28 ते 31 अंशांपर्यंत सर्व माद्या, साडेबत्तीस अंशांवर सर्व नर, आणि त्याच्या अलीकडे-पलीकडे मिश्र संतती. म्हणजे तापमापक दीड अंशाने खोटे बोलला, तर सारी पिढी एकाच लिंगाची निपजावी, पिले धडधाकट दिसावीत, आणि गोम पुष्कळ वर्षांनी, ती वयात आल्यावर उमगावी. 1975 साली देशात मगर-संवर्धनाची योजना सुरू होऊन ठिकठिकाणी अंडी गोळा करून उबवली जाऊ लागली, तेव्हा हे सूक्ष्म गणित अद्याप मांडले गेलेले नव्हते, हे त्या काळच्या कामाचा न्याय करताना विसरू नये. (देशी मगरी, कासवे आणि अजगर घरी बाळगणे 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये गुन्हा असल्याने हा खटाटोप परवानगी असलेल्या प्राणिसंग्रहांचा व खात्यांचा, हौशी मंडळींनी कोंबड्यांवर समाधान मानावे.)

यंत्र नवे आणि विजेचे असले म्हणून ते खरे, या समजुतीचा समाचार नागपुरानेच घेतला. 2024च्या मे महिन्याच्या अखेरीस येथील एका स्वयंचलित केंद्राने 56 अंश आणि दुसऱ्याने 54 अंश तापमान दाखवले. जिल्ह्यातली आणखी दोन केंद्रे तेव्हा 44च्या आसपास होती, आणि अखेर संवेदकांत बिघाड असल्याचे हवामान खात्याला जाहीर करावे लागले. तेथे शेजारची केंद्रे साक्षीला होती. उबवणीच्या पेटीत एकच काटा असेल, तर त्याची साक्ष काढणार कोण? म्हणून निदान दोन यंत्रे ठेवावीत, त्यांची टोके झाकणाशी किंवा दिव्याखाली नव्हे तर अंड्यांच्या पातळीवर असावीत, आणि मगरीच्या वा अजगराच्या पिंजऱ्यात उन्हाची जागा व सावलीची जागा यांची मोजणी वेगवेगळी करावी, कारण तो प्राणी त्या दोहोंमध्ये ये-जा करूनच आपले शरीर सांभाळतो.

मिनामाता करारानंतर पारा बाजारातून हटत चालला आहे आणि त्याच्या जागी आलेल्या स्वस्त यंत्रांच्या पडद्यावर दशांशाचा अंक झळकतो. पण दशांश दाखवणे निराळे आणि दशांशापर्यंत अचूक असणे निराळे, अर्धा-एक अंशाची तफावत त्यांत सहज निघते. कुटलेल्या बर्फात थोडे पाणी घालून त्यात टोक बुडवले की शून्याची परीक्षा घरच्या घरी होते, परंतु शून्यावर खरे ठरलेले यंत्र बत्तिसाशी चुकू शकते, म्हणून मगरीच्या अंड्यांसाठी ते सतत ढवळलेल्या कोमट पाण्यात, प्रमाणपत्र असलेल्या तापमापकाशेजारी धरून, तीस ते तेहतीस अंशांच्या टप्प्यातच ताडावे लागते, आणि निघालेली तफावत कागदावर लिहून पेटीला चिकटवावी लागते.